दुसऱ्या पार्टीचे अस्तित्व : एक मीमांसा

हैदराबादच्या सुलतान बाजारात घर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला एक प्राणी हमखास ऐकू येतो, दिसत मात्र कधीच नाही. त्याचे नाव ‘दुसरी पार्टी’. एजंट कुलूप काढतो, पंखा लावून दाखवतो, खिडकीतून मेट्रोचे खांब दाखवतो, बोअरला मे महिन्यातही पाणी असते म्हणतो. आणि गिऱ्हाईक भावावर आले की ही पार्टी अवतरते. एवढ्या प्रभावी तत्त्वाकडे आमच्या दर्शनकारांनी दुर्लक्ष करावे, ही खेदाची गोष्ट आहे.

नैयायिक चार प्रमाणे मानतात. पैकी प्रत्यक्ष बाद; दुसरी पार्टी डोळ्यांनी पाहिली, असे म्हणणारे गिऱ्हाईक प्रस्तुत अभ्यासकाला भेटलेले नाही. अनुमानाची वाट जरा बरी. डोंगरावर धूर दिसला की अग्नी, तसे सिंकमध्ये चहाचे दोन उष्टे कप दिसले की सकाळी कोणीतरी येऊन गेले. पण ते कप एजंट आणि वॉचमनचेही असू शकतात, म्हणजे हेतू व्यभिचारी. (एजंटचा हेतू हा वेगळा विषय.) उपमानही निरुपयोगी, कारण गिऱ्हाईक बघून पार्टी रूप बदलते. मराठी माणसासमोर ती काचीगुड्याची, बँकेतून रिटायर झालेली, ‘आपकेच लोगाँ’ असते. मारवाडी कुटुंबासमोर तिचे सोन्याचे दुकान निघते. आयटीतल्या जोडप्यासमोर ती थेट डॅलसहून व्हिडिओ कॉलवर फ्लॅट बघते. भाव मात्र ती कुठल्याच अवतारात करत नाही, आणि टोकन नेहमी उद्या सकाळीच देणार असते.

उरले शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन. एजंट हा आप्त धरावा काय? कायद्याला विचारावे तर २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली, एजंटच्या व्याख्येत दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर सगळे कोंबले, रेराखालच्या प्रकल्पातले फ्लॅट नोंदणीशिवाय खपवणाऱ्याला दिवसाला दहा हजारांचा दंडही लावला. दुसऱ्या पार्टीची व्याख्या मात्र राहूनच गेली. शिवाय गल्लीतल्या जुन्या इमारतीचा, दोन पिढ्या वापरून झालेला तिसरा मजला या नोंदणीच्या कक्षेतच येत नाही. तिथे पार्टी निर्धास्त नांदते.

इतिहासाकडून अपेक्षा होती. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार; १९३३ साली इंग्रजांनी तो निजामाला परत केला आणि त्याचा सुलतान बाजार झाला. देणारा कोण, घेणारा कोण, सगळे कागदोपत्री स्पष्ट. या परिसरातला इतका पारदर्शक व्यवहार पुन्हा झाला असेल असे वाटत नाही.

सिद्धान्त शेवटी जिन्यात सापडला. भाव अडला होता. ‘घरी विचारून सांगतो’ हे सनातन वाक्य उच्चारून आम्ही उतरायला लागलो, तोच एजंटच्या शर्टाच्या खिशातला दुसरा फोन वाजला. तो भिंतीकडे तोंड करून, पण जिना घुमतो हे विसरून, बोलू लागला : ‘हौ साब, वोइच फ्लॅट. पार्टी मेरे बाजूच खड़ी है. एकदम पसंद कर लिए, सुबू टोकन देतूं बोल रहे. आप शाम तक बोल देव.’

त्याच्या बाजूला आमच्याखेरीज कोणी नव्हते. खालच्या पायरीवर एक मांजर होते, पण त्याने फ्लॅट पाहिलेला नव्हता. म्हणजे दुसरी पार्टी आहे, निःसंशय आहे, आणि ती आम्हीच. भाव न करणारे, उद्या सकाळी टोकन मोजणारे! फोनपलीकडचे साहेब या घटकेला आमच्या धास्तीने बजेट वाढवत असणार, आणि आम्ही आठवडाभर त्यांच्या.

हे अद्वैत कळल्यावर कमिशनही निम्मे होईल, अशी भाबडी आशा वाटली. तसे विचारलेही. पण त्या बाबतीत एजंट कट्टर द्वैती निघाला : एक टक्का घेणाऱ्याकडून, एक टक्का विकणाऱ्याकडून, दोन्ही रजिस्ट्रेशनच्या दिवशी, रोख. शिवाय त्या दिवशी लवकर यावे म्हणाला, कारण ऑफिसात आणखी एक पार्टी येणार होती.