परतीचा पुरावा

ज्या युरोपच्या व्यापाऱ्यांनी १६३९ साली नायकांकडून मद्रासपट्टणची सनद मिळवली आणि परतीच्या प्रवासाचा दाखला कोणासही न दाखविता तीन शतके येथेच मुक्काम ठोकला, त्याच युरोपात आठवडाभर जाऊ इच्छिणाऱ्या चेन्नईच्या मराठी दांपत्याला बँकेचे उतारे, विम्याचा कागद आणि स्वदेशी परतण्याच्या शुद्ध हेतूचा पुरावा हुजुरात रुजू करावा लागतो. या दिव्यातून पार पडून, ऐन उकाड्यात लोकरीचे कोट खरेदून, जूनमध्ये पॅरिसला अवतरलेले उत्साहमूर्ती यजमान पहिल्याच दिवशी सायंसंध्येसाठी सूर्यास्ताची वाट पाहत रात्री दहापर्यंत तिष्ठतात. सौभाग्यवती तोवर मेतकुटाच्या डब्याची मोजदाद करतात. तो डबा रिता होताच ही मंडळी विनातक्रार परततील, हे निर्विवाद. परंतु व्हिसाच्या अर्जात त्याचा रकानाच नाही.