तीन तिघाडा

दुर्बीण घेताना मी दुकानदाराला तासभर पिडलं. आरसा १३० मिलिमीटरचा, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर, म्हणजे सहा मिलिमीटरची नेत्रिका लावली की वस्तू १५० पट मोठी दिसणार. सगळं वहीत टिपून घेतलं. पाय कसे आहेत, एवढंच विचारायचं राहिलं. पेटीतला वरचा थर बघून आंबे घेणाऱ्यांची जी जमात असते, त्यातलाच मी.

पाय निघाले ॲल्युमिनियमचे, कपडे वाळत घालायच्या स्टँडला शोभतील असे. पहिल्याच रात्री सोसायटीची गच्ची भरली. शेजारच्या काकूंनी नेत्रिकेला डोळा लावला. "अगंबाई, दोन-तीन शनी दिसतायत की!" मग काकांनी पाहिलं. "नाचतोय. साडेसाती कुणाची चालू आहे इथे?" माझी, असं सांगायचा धीर झाला नाही.

शनी १५० पट मोठा करणारी दुर्बीण तिवईची थरथरही १५० पट मोठी करते. तिच्याकडे पक्षपात नाही. मीटरभर नळीचं टोक एक मिलिमीटर कललं, तरी रोख २०६ विकलांनी फिरतो, आणि शनी तर कड्यांसकट जेमतेम ४० विकलांचा. त्यातून पृथ्वी फिरत असते. मधोमध आणलेला शनी माझ्या नेत्रिकेतून ४० सेकंदांत काठाला लागतो. फोकसला बोट लावलं की आठ सेकंद नाच, मग क्षणभर दर्शन, की पुन्हा हात लावायची वेळ.

'तीन तिघाडा काम बिघाडा' म्हणणाऱ्याने भूमिती केली नसावी. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. चुलीचे दगड म्हणून तर तीन. चौथा पाय आला की त्याच्याखाली कागदाची घडी आलीच. माझ्या तिवईचा दोष संख्येचा नव्हता, हाडांचा होता.

पहिला इलाज फुकटचा. पाय पूर्ण आत सरकवले, कारण लांबवलेला पाय जास्त लवतो. आता कमरेत वाकल्याशिवाय शनी दिसेना, ते काकांना शास्त्राला धरून वाटलं. मग पायांच्या मधोमध पाच किलो तांदळाची पिशवी टांगली. नळीवर टिचकी मारून सेकंद मोजले, तर आठाचे पाच झाले. सकाळी स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "तांदूळ कुठे गेले?"

"शनीला वाहिलेत."

"शनीला तेल वाहतात."

शेवटी जुन्या बाजारातून जमिनीची मोजणी करणारे वापरतात तसली लाकडी तिवई उचलून आणली. लाकूड थरथर लवकर पिऊन टाकतं. लेथवाल्याकडून वर एक प्लेट बसवून घेतली. तिच्या पायांना मातीत रोवायची लोखंडी टोकं होती. त्यांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन भोकं पाडली आणि चेअरमन वर आले. त्यांच्यादेखत जुन्या स्लिपर कापून तिन्ही टोकांखाली तुकडे सरकवले. रबराने उरलेला कंपही खाल्ला. टिचकी मारली, दीड सेकंद! चेअरमननी शनी पाहिला आणि भोकांचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

जॉन डॉब्सन या अमेरिकन गृहस्थाने हे पायच सोडले. प्लायवुडच्या बैठ्या खोक्यात दुर्बीण ठेवून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना आकाश दाखवायचा. त्याआधी तो वेदान्त सोसायटीच्या मठात साधू होता. पाय सोडणं संन्याशालाच जमतं. आम्ही संसारी माणसं लाकडावर आलो.

तेव्हा दुर्बीण घ्यायची झाली, तर दुकानातच नळीला टिचकी मारा आणि सेकंद मोजा. दोनच्या वर गेले तर परत या. आमच्या गच्चीवर यायचं असेल तर जरूर या, मात्र हात मागे बांधून डोळा लावा, आणि अंधारात तांदळाच्या पिशवीला लाथ लागणार नाही एवढं बघा. ती अजून टांगलेलीच असते.