समारोपानंतर किल्ली कोणाकडे?

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारतानं रीतसर इच्छापत्र देऊन ठेवलं आहे. आता पुढची काही वर्षं आपल्याला एकच गोष्ट ऐकवली जाणार : देशाला कायमचा फायदा होणार.

कायमचा म्हणजे किती दिवसांचा?

हा प्रश्न कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर उभं राहून विचारावा. वाडी रत्नागिरी हे एवढंसं गाव दर चैत्र पौर्णिमेला लाखो माणसं अंगावर घेतं. गुलाल उधळतो, सासनकाठ्या नाचतात, अन्नछत्राच्या चुली पेटत्या राहतात. मेकॅनिक मंडळी भाविकांच्या गाड्यांची पंक्चर फुकट काढून देतात. कुठल्या गावच्या काठीचा मान कितवा, तेही ठरलेलं.

ही घडी टिकते कशानं? भक्तीनं, हे खरंच. पण यात्रा पुढच्या चैत्रात परत येते, म्हणूनही. यंदा पाणी कमी पडलं, तर जाब विचारायला तीच माणसं त्याच वाटेनं वर येणार असतात.

राष्ट्रकुल स्पर्धा अशी परत येत नाही. २०१० ला दिल्लीत झाली, पुन्हा भारतात येईल ती वीस वर्षांनी, तीही दुसऱ्या शहरात. मग जाब विचारणार कोण आणि कोणाला?

फायदा होतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये धावलेल्या बसगाड्या नंतर आपल्या एसटीनं घेतल्या. दादर-पुणे प्रवास त्यांनी सुखाचा केला आणि लोक त्यांना वर्षानुवर्षं ‘एशियाड’च म्हणत राहिले. उद्घाटनाला भाषण कुणी केलं, हे किती जणांना आठवतं? गाडी सगळ्यांना आठवते.

जे वापरात आलं, तेच उरलं.

दुसरा दाखला बालेवाडीचा. पुण्याचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलं. २००८ मध्ये तिथं युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाली. ७१ देश आले, भारत पदकतक्त्यात पहिला आला. बाणेर-बालेवाडीत जमिनीचे भाव चढले, इमारती चढल्या. त्यासाठी ७१ देशांना बोलवायची गरज नव्हती.

गरज होती ती नेमबाजीच्या रेंजची.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २००८ च्या त्याच स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. दोन वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेतही सुवर्ण. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं बालेवाडीत वर्षानुवर्षं सराव करून २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. पाहुणे परत गेल्यावर रेंजला टाळं लागलं असतं, तर हे पदक कुठून आलं असतं?

पदकानंतर स्वप्नीलच्या वडिलांनी सरकारकडे जाहीरपणे काय मागितलं? बक्षिसाची रक्कम वाढवा आणि बालेवाडीजवळ घर द्या. खेळाडूच्या घराला कळतं, फायदा कुठे असतो. तो सरावाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

पण त्याच बालेवाडीत २०२१ च्या जूनमध्ये मान्यवरांच्या गाड्या थेट धावण्याच्या ट्रॅकवर उभ्या राहिल्या. फोटो छापून आले, क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरीनं ट्रॅक सांभाळला जात नाही. त्यासाठी वर्षभराचा पैसा लागतो, माणूस लागतो आणि मंत्र्याच्या ड्रायव्हरलाही ‘इथे नाही’ म्हणायचा अधिकार लागतो.

तो अधिकार कोणत्या अंदाजपत्रकात असतो?

परदेशातला अनुभवही वेगळा नाही. माँट्रियलनं १९७६ च्या ऑलिम्पिकचं कर्ज तीस वर्षं फेडलं. अथेन्सच्या २००४ च्या कित्येक मैदानांत नंतर गवत माजलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा खर्चाचा आकडा पाहून २०२३ मध्येच सोडून दिली. ती घेतली ग्लासगोनं, खेळ कापून दहावर आणले. कापले गेले त्यात कुस्ती आहे. नेमबाजी तर २०२२ च्या बर्मिंगहॅममध्येच वगळली होती. म्हणजे कोल्हापूरचे दोन्ही खेळ बाहेर!

यजमानाला मात्र खेळ निवडताना वजन असतं. ते वजन अहमदाबादेत वापरा. तो फायदा एका छदामाशिवाय मिळतो.

आता आपल्या घराकडे बघू. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला जाऊन आले आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. कुठली जागतिक स्पर्धा भरवायची होती म्हणून नव्हे, पैलवानांना लढायला आणि लोकांना बघायला जागा हवी म्हणून. शंभर वर्षं उलटली, तिथं अजून कुस्ती होते. त्याच शहरातलं सरकारी विभागीय क्रीडा संकुल किती वर्षं रखडलं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. महाराष्ट्राचं पुढचं वैयक्तिक पदक स्वप्नीलचं, ७२ वर्षांनी. त्याच्याही घरी बंदुकीच्या गोळ्यांसाठी कर्ज काढावं लागलं होतं.

७२ वर्षांत काय बदललं? तेव्हा प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, आता बापानं कर्ज काढलं.

यजमानपदाला माझा विरोध नाही. जग आपल्या अंगणात यावं, आपल्या पोरांनी ते जवळून बघावं, हे मलाही हवं आहे. पण पहिला रुपया खर्च होण्याआधी चार गोष्टी लेखी द्या. स्पर्धेनंतर दहाव्या वर्षी मैदानाची किल्ली कोणाकडे असेल? देखभालीचा पैसा कोणत्या खात्यातून येईल? सरावाला फी किती पडेल? आणि पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीच्या पोरांना वसतिगृहात किती खाटा मिळतील?

उत्तर नसेल, तर ‘देशाचा कायमचा फायदा’ हे शब्द वापरू नका. तो पंधरा दिवसांचा सोहळा आहे, असं सरळ सांगा. लोक समजून घेतील.

उत्तर असेल, तर एवढंच करा : आतषबाजीवरचा खर्च कमी करा आणि गोळ्यांवरचा वाढवा.