त्रेचाळीस हजार सहाशेनंतरची झोप

माणसाला झोप किती पगारापर्यंत लागते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने अजून हाती घेतलेला नाही. केंद्र सरकारने मात्र तो 13 जुलै 2020 रोजी निकाली काढला. मूळ वेतन 43,600 रुपयांपर्यंत असेल तर लागते, त्यापुढे लागत नाही.

त्या दिवशी कार्मिक व प्रशिक्षण विभागाने रात्रपाळी भत्त्याचा आदेश काढला. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, हे त्यात ठरलं. या वेळात केलेल्या प्रत्येक तासामागे दहा मिनिटं जादा धरायची. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले दोनशे, हा तासाचा दर. रात्रपाळी खरोखर आवश्यक होती, असा दाखला वरिष्ठाने द्यायचा. हे रेल्वेलाही लागू झालं. मनमाड किंवा भुसावळला रात्री दोन वाजता स्टेशन मास्तर असणं आवश्यक आहे, हेही कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवंच. नाहीतर मास्तर हौसेने सिग्नल देत बसला होता, असा लेखा विभागाचा समज व्हायचा.

तासाला दहा मिनिटं म्हणजे सुमारे सतरा टक्के. अमेरिकेत संघ सरकारच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना रात्रीचे दहाच टक्के जादा मिळतात. म्हणजे आपलं सरकार तसं दिलदार. आपल्याकडच्या खासगी कारखान्यांत तर ओव्हरटाइमला दुप्पट दर 1948 च्या कारखाने कायद्याने बांधून दिला होता, पण नुसत्या रातपाळीचे वेगळे पैसे त्यात नव्हते. चाकणच्या तिसऱ्या पाळीला काय मिळायचं, ते कंपनी आणि युनियन यांच्या करारावर.

गंमत आहे ती 43,600 च्या मर्यादेत; मूळ वेतन त्यापुढे गेलं की भत्ता बंद. वेतनाच्या सहाव्या स्तरात 43,600 च्या पुढची पायरी 44,900 ची. 2020 मध्ये महागाई भत्ता 17 टक्के होता. त्या हिशेबाने 43,600 वाल्या मास्तरला पूर्ण रात्रीचे 340 रुपये पडत. महिन्याला दहा रात्री धरल्या तर 3,400. मग एक दिवस इन्क्रिमेंट लागायचं. वाढ 1,300 ची, महागाई भत्त्यासह 1,521. आणि रात्रीचे 3,400 गेले!

"मास्तर, पेढे कधी?" पॉइंट्समन विचारणार.

"पेढे कसले? तूच मला चहा पाज."

गाड्या त्याच, केबिन तीच, डासही तेच. सकाळी क्वार्टरवर येऊन आडवं व्हावं, तर शेजारच्या कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची आरोळी यांना मास्तरची वेतनश्रेणी कळत नाही. शिवाय आदेश निघाला 2020 मध्ये आणि लागू 1 जुलै 2017 पासून; त्यामुळे तीन वर्षांपूर्वी जागून, पैसे घेऊन, खर्चूनही टाकलेल्या रात्रींच्या वसुलीची धास्ती. 2020 च्या ऑक्टोबरात स्टेशन मास्तरांनी ड्युटीवर मेणबत्त्या लावून निषेध केला. उलट जपानमध्ये रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंतच्या कामाला किमान पंचवीस टक्के जादा द्यावेच लागतात. ज्या व्यवस्थापकाला ओव्हरटाइम मिळत नाही, त्यालासुद्धा. तिथे साहेब लोकही झोपतात, असं कायदा मानतो.

आदेशात आणखी एक बारकावा आहे. एका श्रेणीला एकच दर, ही जुनी पद्धत बंद. ज्या तारखेला रात्रपाळी केली, त्या तारखेच्या मूळ वेतनावर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करायचा. आता समजा, मास्तरचं इन्क्रिमेंट 1 जुलैचं आणि 30 जूनच्या रात्री दहाला तो ड्युटीवर चढला. बारा वाजेपर्यंत तो 43,600 वाला; दोन तासांचे 85 रुपये त्याचे हक्काचे. बाराचा ठोका पडला की तो 44,900 चा झाला. मग उरलेले सहा तास तो जागाच नव्हता की काय? ही शंका विचारायची तर पगाराचा हिशेब करणाऱ्या बाबूलाच. पण बाबूची जनरल शिफ्ट, तो भेटणार सकाळी दहानंतर, आणि तेव्हा मास्तर झोपलेला असतो.