काळी चारच्या जरा वर

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एसटीत जागा मात्र अजून मिळत नाही. त्यामुळे आत्या मिरजेहून ठाण्याला एकटीच आली, आणि तिचे अभंग घरी रेकॉर्ड करून द्यायची सुपारी मी घेतली. तानपुरा संगणकात होताच, एका प्रोग्रॅममध्ये. रेकॉर्डिंगची सोयही होती, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये. पहिल्याचा आवाज दुसऱ्यात न्यायचा, एवढंच काम. पण एका चाळीत जन्म काढून एकमेकांचं तोंड न पाहणारे सख्खे भाऊ असतात ना, तसं या दोघांचं होतं.

कुठलीही गोष्ट मुळापासून शिकायची मला खोड आहे. म्हणून मी १९९८ पासून सुरुवात केली. प्रोपेलरहेड या स्वीडिश कंपनीने स्टाइनबर्गला सोबत घेऊन तेव्हा ‘रिवायर’ आणलं. एका प्रोग्रॅमचा आवाज थेट दुसऱ्याच्या मिक्सरमध्ये उतरायचा. पुढच्या आवृत्तीत तर २५६ ध्वनिमार्ग! शिष्टाचारही पक्का: यजमान प्रोग्रॅम आधी उघडायचा, पाहुणा मागून; उठताना पाहुण्याने आधी उठायचं. हे सगळं मी वहीत उतरवलं, आत्याला साग्रसंगीत समजावलं आणि मेन्यूमध्ये रिवायर शोधत रात्र काढली. २०२० च्या अखेरीस ते निवृत्त झालंय, हे मला पहाटे कळलं. आत्या म्हणाली, “पाहुणा उठून गेला म्हणायचा.”

मग आभासी केबल बसवली. ही हातात धरता येत नाही. विंडोजला तिचं एक टोक स्पीकर वाटतं आणि दुसरं माइक. स्पीकरकडून आवाज घातला की माइककडून बाहेर. मी उत्साहाच्या भरात तिला अख्ख्या संगणकाचा मुख्य स्पीकर करून टाकलं. केबल इमानी निघाली. सगळा आवाज तिने असा परस्पर नेला की खोलीत कणभर उरला नाही. खऱ्या स्पीकरची वायर मी काढली, घातली, तिच्यावर फुंकर मारली.

“बंद पडला का रे?”

“नाही. चालू आहे. ऐकू येत नाही, इतकंच.”

शेवटी हेडफोन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला जोडला तेव्हा त्यात तानपुरा सापडला. हेडफोन एकच, तो आत्याच्या कानावर. तिने षड्ज लावला आणि मागे वळून पाहिलं. “मागून कोण गातंय?”

“तूच.”

“मग बरीच मागे पडत्येय मी.”

संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्याने उचलतो. मी गठ्ठा ठेवला होता २०४८ चा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने तो भरायलाच ४३ मिलिसेकंद, शिवाय येताना-जाताना दोनदा. गठ्ठा ६४ वर आणला. उशीर गेला, पण आता संगणकाला उसंत मिळेना आणि सुरात चटचट आवाज यायला लागले. २५६ वर दोघांची तडजोड झाली.

“सगळं ठीक,” आत्या म्हणाली, “पण ही काळी चार नव्हे.”

पडद्यावर काळी चारच लिहिलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. तिने चष्मासुद्धा लावला नाही. “लिहिलं असेल. वाजत नाहीये. पांढरी सहा ओलांडल्ये, काळी पाचला पोचलेली नाही.” मी अत्यंत सौम्यपणे, म्हणजे वडीलधाऱ्यांना एटीएम समजावताना काढतात त्या आवाजात, सांगितलं की संगणक बेसूर होऊ शकत नाही.

होतो. तानपुऱ्याचा हिशेब सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा; केबल त्याच्याकडून ४८,००० ओढत होती. वेग जवळजवळ नऊ टक्के जास्त, म्हणजे सूर साधारण दीड घर वर. काळी चारपासून दीड घर मोजलं तर बोट पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधल्या फटीत जातं. तिथे पेटीला पट्टीच नाही. हे मी कॅल्क्युलेटरवर पडताळलं आणि आत्याला सांगितलं, “तुझं बरोबर आहे.” तिने माझे आभार मानले. त्या स्वरात आभार मला पूर्वी फक्त गणिताच्या मास्तरांनी मानले होते.

दोन्हीकडे ४८,००० केलं आणि रात्री आठनंतर रेकॉर्डिंगला बसलो. आत्या गायली, आणि काय गायली! मला तानपुरा ऐकू येत नव्हता, तरी अंगावर काटा आला. एकदा ती अंतऱ्याआधी बराच वेळ थांबली. मला ती योजना वाटली.

हेडफोन काढून ती म्हणाली, “ते गृहस्थ कोण?”

“कोण गृहस्थ?”

“पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते ते. मला वाटलं, संगणकात असतंच तसं.”

आठला सोसायटीची ऑनलाइन सभा होती. हजेरी लागावी म्हणून मी ती उघडली होती आणि आवाज येत नाही म्हणून विसरून गेलो होतो. मुख्य स्पीकर अजून केबलच होती. सेक्रेटरी, खजिनदार आणि तिसऱ्या मजल्यावरची गळती, सगळं तानपुऱ्याच्या ट्रॅकमध्ये उतरलं होतं.

“अगं, मग थांबवायचं नाही का मला?”

“कशाला? काळी एकात बोलत होते. माझा मध्यमच लागतो तो. फक्त टँकरचे दर सांगताना उतरत होते.”