अद्ययावतराव

ज्या गृहस्थांचे व्यक्तिचित्र रेखाटण्याचे मी योजिले आहे ते एक नव्हेत, अनेक आहेत. वर्ध्यास, आर्वीस, पुलगावास, हिंगणघाटास, किंबहुना जेथे जेथे चहाची टपरी आणि मोबाईलचा मनोरा एकाच दृष्टिक्षेपात सामावतात तेथे तेथे त्यांचे वास्तव्य असते. आणि त्या सर्वांस एकच नाव देणे सोयीचे असल्यामुळे मी त्यांना अद्ययावतराव म्हणतो. वय पंचावन्नाच्या पुढे, सदऱ्याच्या खिशात दोन मोबाईल आणि त्यांपैकी एक सदैव चार्जिंगच्या शोधात, एवढे सांगितले म्हणजे देहवर्णन पुरे झाले. त्यांचे खरे अस्तित्व वाणीत आहे आणि त्या वाणीस विषय एकच: तंत्रज्ञान किती झपाट्याने बदलत आहे.

मृत्युवार्ता देण्यात त्यांचा हातखंडा आहे. नगरपालिकेच्या दप्तरात जन्ममृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनाच्या हातूनही इतके मृत्यू नोंदले गेले नसतील. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नागपुरास सीताबर्डीवरच्या एका क्लासात कोबोल शिकत असतानाच त्यांनी कोबोल मेल्याचे जाहीर केले, आणि १९५९ साली जन्माला आलेली ही भाषा अद्यापि जगभरच्या बँकांची खाती निमूटपणे सांभाळीत आहे, ही अप्रिय वार्ता त्यांच्या कानी घालण्याचे धैर्य कोणास झाले नाही. त्यानंतर फॉक्सप्रो गेले, व्हिज्युअल बेसिक गेले, जावा तर त्यांच्या हिशेबी तीनदा गेली. १९९९ च्या डिसेंबरात त्यांनी साऱ्या जगाचीच तयारी केली होती. वर्षाचे दोनच अंक लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे मध्यरात्री संगणकांस १९०० साल लागेल, रेल्वे रुळांवर खोळंबेल आणि बँकांतील ठेवी आपल्या पणजोबांच्या काळात जाऊन पडतील, असे त्यांनी इतक्या निर्धाराने सांगितले की कित्येकांनी पासबुके आगाऊ भरून घेतली. पहिल्या जानेवारीस गाड्या नेहमीइतक्याच उशिरा आल्या. अद्ययावतरावांनी खुलासा केला की संकट टळले ते आगाऊ इशाऱ्यामुळे. आणि खरे सांगायचे तर हे त्यांचे विधान सर्वस्वी खोटेही नव्हते, पण त्याचे कारण पुढे येईल.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता हा त्यांचा अवतारी पुरुष आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून त्यांच्या मते प्रोग्रॅमर ही जात नामशेष झाली. गेल्या दिवाळीत हिंजवडीहून आलेला त्यांचा भाचा टपरीवर बसला असता, बशीतील गोरसपाकाचा तुकडा मोडीत त्यांनी तसे त्याला तोंडावरच सांगितले.

"संपलं बाप्पा तुमचं. आता यंत्राले मराठीत सांगायचं का असं असं पाह्यजे, अन् सॉफ्टवेअर तयार!"

"मामा," भाचा शांतपणे म्हणाला, "काय पाहिजे, हेच तर क्लायंटला सांगता येत नाही. आमचा अर्धा जन्म ते विचारण्यातच जातो."

"मंग त्या यंत्राले सांगा ना भाऊ," टपरीवाल्याने किटली उतरवीत दरखास्त केली, "का साहेबाची उधारी तेवढी भरून टाक म्हणा."

वस्तुतः काय पाहिजे ते नेमके सांगण्याची विद्या आमच्या भागास अगदीच अपरिचित नाही. जे महात्माजी पुढे १९३६ पासून सेवाग्रामास राहिले, त्यांच्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते, आणि त्याच्या अटींचा मसुदा आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीने भिंतीवर लावावा असा आहे: यंत्र हातापायांनी खेड्यातील घरात चालावे, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, आणि किमान वीस वर्षे त्याने अव्याहत सेवा द्यावी. ते पारितोषिक कोणासही मिळाले नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार आजही पाहावयास मिळतात, आणि सेवाग्रामच्या आश्रमात, ग्रामोद्योगाच्या त्या माहेरघरी, व्हाइसरॉयांशी बोलण्यासाठी बसविलेला टेलिफोनही आहे. म्हणजे नव्याचे वावडे तेथेही नव्हते, फक्त यंत्रास प्रश्न विचारण्याची रीत निराळी होती.

वीस वर्षांची ही अट भाच्याने सांगितली तेव्हा अद्ययावतराव मनापासून हसले. "वीस वर्षं? अरे, इथं सहा महिन्यांत जुनं होते सारं!"

आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील गुपित सांगणे प्राप्त आहे, जे ते स्वतः कधीही सांगत नाहीत. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या कचेरीत, प्लॅस्टिकच्या पिवळ्या पडलेल्या आवरणाखाली एक संगणक आहे आणि त्यावर अद्ययावतरावांनी तरुणपणी फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम चालतो. कापसाच्या गाडीचे वजन, शेतकऱ्याचे देणे, सरकीचा उतारा, रुईच्या गाठी, सारे काही तो जाणतो, आणि मागे कार्बन लावलेल्या कागदावर किरकिरणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून पावत्या ओकतो. १९९९ च्या पावसाळ्यात सगळे जग बुडणार म्हणून बाहेर सांगत असताना आत या गृहस्थांनी अनेक रात्री जागून त्याच्या प्रत्येक तारखेस चार अंकी वर्ष दिले. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्याचे रकाने बसविले. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली फॉक्सप्रोचा सांभाळ कायमचा सोडला. यांनी सोडला नाही. मालकांनी दोनदा नवे सॉफ्टवेअर आणून पाहिले, पण ऐन हंगामात, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली असता इंटरनेट बंद पडले आणि मुनीमजींनी कोणाचा हुकूम न घेता जुने यंत्र पुन्हा सुरू केले. दर दसऱ्यास त्यास झेंडूची माळ पडते आणि अद्ययावतरावांस देखभालीचा वार्षिक मोबदला, ज्यावर त्यांचे दोन्ही मोबाईल पोसले जातात.

ज्या मनुष्याने चरखा संघाची अट एकट्याने आणि नकळत पुरी केली, त्यास त्या कामगिरीची लाज वाटावी, हे मला या जातीचे मुख्य लक्षण वाटते. जुन्या वस्तूची निगा राखणारा मनुष्य आपल्या समाजात कारागीर ठरतो आणि नव्याची वार्ता आणणारा विद्वान. मग चहाच्या टपरीवर कोणती वस्त्रे नेसून बसावे याचा निर्णय त्यांनी केला, तर दोष सर्वस्वी त्यांचा नाही. फरक एवढाच की नव्या तंत्रज्ञानासंबंधी ते जे बोलतात ते उद्याच्या व्हिडिओत कोणीही ऐकू शकतो, आणि त्या प्रोग्रॅमसंबंधी त्यांना जे ठाऊक आहे ते जगात दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही. भाच्यासही नाही, त्याने विचारलेही नाही.

तेव्हा वाचकहो, आपली व त्यांची गाठ पडलीच, आणि ती पडणारच, तर पुढे काय येणार आहे हे त्यांना कृपा करून विचारू नका. १९९९ च्या त्या जागरणांत २००० सालच्या फेब्रुवारी एकोणतिसाचा घोळ त्यांनी कसा निस्तरला, एवढेच विचारा. तासभर ऐकण्याची तयारी ठेवा, जमल्यास लिहून घ्या, आणि चहाचे पैसे आपणच द्या.