तिथीची पाऊणपट

आमच्या ह्यांनी जन्मभर एका कारखान्याच्या परचेस खात्यात काम केलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्या खात्यात टाचणीसुद्धा विकत घेतली जात नसे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी आमच्या घरात कोथिंबिरीची जुडी अजून त्याच मार्गाने येते. त्यामुळे यंदा आषाढात हे एकदम "चल, चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ" म्हणाले, तेव्हा मला त्यात हौस कमी आणि टेंडर जास्त दिसलं.

"आत्ता? धो धो पावसात?"

"म्हणून तर! मे महिन्यात तीन हजार सांगतात त्याच खोलीचे आता निम्मेसुद्धा घेत नाहीत."

"आणि समुद्र?"

"समुद्र तोच असतो गं. तो काय मुंबईला जातो पावसाळ्यात?"

मग फोन स्पीकरवर टाकून कोटेशनं सुरू झाली. हरिहरेश्वर, दिवेआगर, श्रीवर्धन. प्रश्न सगळ्यांना एकच, खोलीतून समुद्र दिसतो का? पहिल्याने "एकदम समोर" म्हटलं, म्हणून तो बाद झाला. परचेसमध्ये एवढ्या लवकर होकार देणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याने "गच्चीवर गेलात तर" असं सांगितलं. आमच्या गुडघ्यांच्या दृष्टीने गच्ची आणि हिमालय एकच. श्रीवर्धनच्या घरगुती निवासवाल्या वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "पावसात दिसत नाही हो काका. ऐकू येतो."

ऑर्डर तिथेच पक्की झाली. फोन ठेवण्याआधी ह्यांनी विचारलंच, "मग नुसता ऐकण्याचे किती कमी कराल?"

बाराशेचे अकराशे झाले. चार दिवसांचे मात्र तीन झाले, कारण शनिवार-रविवारी दर चढतो. सोमवारी जाऊन बुधवारी परत. प्रवासाचा हिशोब तर आणखी सुरेख होता. ह्यांचं वय एकोणसत्तर, म्हणजे एसटीत ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट. मी चौसष्टची, पण २०२३च्या मार्चपासून बायकांना सरसकट अर्धं. दोघं मिळून आम्ही एक प्रवासी. कंडक्टरने तिकीट फाडल्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मंगलाष्टकं संपल्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "अजून सहा वर्षं थांबलो असतो, तर माझं फुकट झालं असतं."

सामानात दोन छत्र्या, औषधांचा डबा, गुडघ्याचे पट्टे, उपासाची खिचडी आणि भिंतीवरून खिळ्यासकट निघालेलं कालनिर्णय. सोमवारी संकष्टी होती आणि मला चंद्रोदयाची वेळ लागते. मोबाइलवर सगळं असतं, हे मला माहीत आहे. पण कालनिर्णय १९७३ सालचं आणि आमचं लग्न १९८१चं. घरातल्या वादात शेवटचा शब्द तेव्हापासून त्याचाच असतो, आणि मोबाइलला आमच्याकडे अजून तो मान नाही.

कोथरूडहून रिक्षाने उलटं स्वारगेटला गेलो. थोड्या वेळाने एसटीने आम्हाला कोथरूडवरूनच पुढे नेलं. हे खिडकीतून आमच्या गल्लीकडे बघत रिक्षाचे पैसे मोजत होते. पौड, मुळशी, मग ताम्हिणी. रविवारी या घाटात अर्धं पुणं मोटारीत बसून उरलेल्या अर्ध्या पुण्याच्या मोटारी बघत असतं. सोमवारी मात्र धबधबे नुसते पडत होते, समोर सेल्फी काढणारं कुणी नाही. कणसांच्या टपऱ्यांवर निळं प्लास्टिक ओढलेलं होतं. माणगावला चहा, म्हसळ्याला पाऊस आणि श्रीवर्धनला आणखी पाऊस.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. या घराण्याकडे इथली देशमुखी होती. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजीपंत घाट चढून वर आले आणि १७१३ साली पेशवे झाले, असं मी शाळेत शिकले. पण या गावात जुलैचे दोन दिवस काढल्यावर माझं वेगळं मत झालं आहे. सिद्दी असेलही, पण माणूस मुळात धोतर वाळेना म्हणून निघाला असणार. तिथे काहीही वाळत नाही. वहिनींनी स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरी बांधली होती आणि तिच्यावर पाहुण्यांचे कपडे, त्यामुळे तीन दिवस आम्ही दोघं खमंग भाजलेल्या वांग्यासारखे दरवळत होतो. उशीचे अभ्रे त्या इस्त्री फिरवून गरमागरम आणून देत. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घातलेले, तरी मीठ चमच्याने खणावं लागे. काडेपेटीची काडी ओढली तर गुलाचा नुसता चिखल व्हायचा.

ह्यांचा खरा जीव अडकला होता माशात. बसमधूनच सुरमई की पापलेट असं चाललं होतं. उपास माझा, ह्यांचा नव्हे, हा मुद्दाही माणगावला सिद्ध करून झाला होता. पाट मांडल्यावर समोर आलं कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, आठळ्या घातलेली डाळ आणि भात.

"वहिनी, मासे?"

"काका, बंदी आहे ना. १ जून ते ३१ जुलै होड्या आत जात नाहीत. माशांची पैदास व्हायची असते."

"कुणाकडे ठेवलेला?"

"तो पुण्याला पाठवतात," वहिनी म्हणाल्या आणि पिठलं वाढलं. दुसऱ्या दिवशी सुक्या सोड्यांची आमटी केली, तेव्हा कुठे घरात शांतता नांदली. पण समुद्राच्या काठी बसून सुकी मासळी खायची, म्हणजे बँकेत राहून उधारीवर जगण्यासारखं आहे, हे ह्यांनी मला दोनदा ऐकवलं.

जेवणानंतर पाऊस थोडा उघडला, तसे आम्ही बंदराकडे गेलो. होड्या वर ओढून झापांनी आणि ताडपत्रीने शाकारून ठेवल्या होत्या. एका पडवीत एक म्हातारा तांडेल जाळं विणत बसला होता. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, हातात विणायची सुई, आणि नजर भलतीकडेच. ह्यांनी त्याला विचारलं, भरती किती वाजता? तो वर न बघता म्हणाला, "तिथीला पाऊण करायचं."

"म्हणजे?"

"आज चौथ ना? चाराची पाऊणपट तीन. तिनाला पाणी पूर्ण वर. पुढं सहा तासानं पूर्ण खाली."

ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी थोरलीच्या जन्माच्या वेळी पाहिलं होतं. एवढा मोठा अरबी समुद्र आणि तो चक्क पावकी-निमकीत बसतो! खोलीवर येऊन ह्यांनी कालनिर्णय टेबलावर पसरलं आणि उरलेल्या महिन्याचा समुद्र सोडवून टाकला. पंचमी, पावणेचार. षष्ठी, साडेचार. सप्तमी, सव्वापाच. रोज पाऊण तास पुढे. "बघ, एवढा शिस्तीचा माणूस मी आपल्या सोसायटीत एक पाहिला नाही," हे म्हणाले.

रात्री चंद्रोदयाचा प्रश्न आला. वहिनींनी संकष्टीचे उकडीचे मोदक केले होते आणि ते झाकणाखालून दरवळत होते. मी ओटीवर उभी राहून आकाशाकडे बघत होते. आकाश कुठे संपतं आणि पोफळी कुठे सुरू होतात, हेसुद्धा कळत नव्हतं. कालनिर्णयातली वेळ होऊन गेली. एरवी मी वेळ बघून पानावर बसते, पण समुद्राकाठी आल्यासारखं चंद्र दिसावा असं उगीच मनात होतं. हे पाठीमागून आले.

"तीनला भरती झाली?"

"झाली."

"नऊला ओहोटी झाली?"

"मला काय माहीत!"

"ऐक की. आवाज लांब गेलाय. पाणी चंद्र ओढतो. पाणी जर बरोबर वेळेवर गेलंय, तर चंद्र जागेवर आहे. तू जेव."

खरंच आवाज लांब गेला होता. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या उपासाला ह्यांनी केलेली ही पहिली मदत. मी अंधाराला हात जोडून पाच मोदक खाल्ले.

मंगळवारी हरिहरेश्वरला जाऊन आलो. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या कडेने थेट खडकांवर उतरतो आणि ओहोटी असेल तरच चालता येतो. पावसाळ्यात तर त्या वाटेला जाऊच नये. ह्यांनी "पावणेदहाला ओहोटी आहे, हिशोब केलाय" असं देवळाबाहेरच्या फुलवालीला समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "हिशोब करणारेच वाहून जातात काका." आम्ही काळभैरवाचं आणि हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन मुकाट्याने परतलो.

पण ह्यांचं समाधान झालेलं नव्हतं. दुपारी तीनला आम्ही श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर. लांबच लांब वाळू, आणि आम्ही दोघं, एक कुत्रं, दोन छत्र्या. पाणी चहाच्या रंगाचं. ह्यांनी आदल्या दिवशीची भरतीची रेघ हेरून ठेवली होती. काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची नक्षी काढून समुद्र आपली हद्द दाखवून जातो. त्या रेघेच्या दोन पावलं अलीकडे ह्यांनी चपला काढल्या. लक्ष्मी रोडवरच्या, कोल्हापुरी, दिवाळीत तीन दुकानं फिरून घेतलेल्या.

"पाण्यात कशाला ठेवता?"

"पाण्यात नाहीये. पाणी इथे येईल ते पावणेचारला. आत्ता तीन दहा झालेत."

एवढं म्हणून हे घड्याळ दाखवायला माझ्याकडे वळले आणि मागून लाट आली. फार मोठी नव्हे. सभ्य होती, घोट्याएवढी. तिने ह्यांच्या पायांखालची वाळू काढून घेतली, छत्री उलटी केली आणि जाताना चपला नेल्या. मी वाकले (मी वाकले, हे आमच्या डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरलं आहे) आणि एक पकडली. डावी. उजवी दोनदा वर आली, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि गेली.

हे पाण्यात गुडघाभर उभे राहून समुद्राला घड्याळ दाखवत होते. "अजून पस्तीस मिनिटं होती!"

संध्याकाळी एका पायात चप्पल घालून तांडेलाकडे तक्रार. त्याने सगळं ऐकून घेतलं, जाळ्याची गाठ मारली आणि म्हणाला, "तिथी पाण्याची, काका. वारा कुठं पंचांग बघतो?"

बाजारात गेलो. दुकानदाराने पावसाळी प्लास्टिकच्या चपला दाखवल्या. ह्यांनी विचारलं, "एकच मिळेल का? उजवी." दुकानदार हसला नाही. त्याने ह्यांच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सकाळी ओहोटीला किनारा बघा. देतो कधी कधी परत."

म्हणून बुधवारी साडेदहाच्या ओहोटीला, म्हणजे साडेचारातून सहा वजा, आम्ही पुन्हा हजर. पावसाळ्यात समुद्र वर्षभराचं सगळं परत करतो हे खरं आहे. बाटल्या, दोरखंड, एक प्लास्टिकचा घोडा, बल्ब, आणि चपला. हे हातात काठी घेऊन एकेक उलटी करून बघत होते आणि मला मोठ्याने आकडे सांगत होते. एकूण अकरा निघाल्या. लहान मुलाच्या तीन, टाचेची एक, बाकी बाप्यांच्या. सगळ्या डाव्या. हे बराच वेळ त्या रांगेकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "यांच्यापैकी एकालाही तिथी माहीत नव्हती."

निघायच्या आधी वहिनींनी वाडी दाखवली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, नारळही गेले. सुपारी लागायला पाच-सात वर्षं जातात. मधल्या काळात काय करायचं, म्हणून दोन खोल्यांना संडास-न्हाणी जोडली आणि पाहुणे घ्यायला लागल्या. नवीन झाडं आता ह्यांच्या दुप्पट उंच झाली आहेत. एकाला पहिली पोय आली होती, ती वहिनींनी वाकवून दाखवली नाही, नुसतं बोट केलं.

हिशोबाला बसताना मी श्वास रोखून होते. ह्यांनी ठरलेले पैसे मोजले, पावती मागितली, ती नीट वाचली, आणि मग विचारलं, "तुमच्या इकडची रोठा सुपारी कशी किलो?" श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली आहे. वहिनींनी भाव सांगितला. ह्यांनी दुसरं कोटेशन न मागता किलोभर घेतली.

एसटीत बसल्यावर मी म्हटलं, "आपल्या दोघांत मिळून सुपारी फोडतील असे दात किती?"

"पाहुण्यांना होईल."

"पाहुणे येतात कुठे?"

"मग पूजेला," हे म्हणाले आणि ताम्हिणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या, नव्या, जोडीने घेतलेल्या. कोल्हापुरी डावी पिशवीत होती. ती टाकू द्यायला तयार नाहीत.

कालनिर्णय पुन्हा खिळ्यावर गेलं आहे, जरा फुगलेलं, जुलैचं पान कोपऱ्यात मिठाने पांढरं झालेलं. शुक्रवारी संध्याकाळी मी गवार मोडत होते. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "आज अष्टमी. सहाला भरती."

घड्याळात पावणेसहा झाले होते. मी गवार खाली ठेवली, उठले आणि दारातल्या चपला आत घेतल्या.